दूध संघाचं पशुखाद्य आणि मक्याचा भाव, संबंध काय?

कोल्हापूरच्या 'गोकुळ' दूध संघाचं 'महालक्ष्मी' पशुखाद्य गडमुडशिंगी आणि कागलच्या कारखान्यांत तयार होतं. पशुखाद्यात मका, कोंडा, पेंड, मळी असं बरंच काही असतं. मग मका पिकवणाऱ्याला यात काय मिळतं?

काढणीला बाजारात एकदम आवक होते, भाव पडतात. जनावरं मात्र बारा महिने खातात, म्हणून कारखान्यांची मागणी टिकते. अडचण ओलाव्याची. हमीभावाने खरेदीतही मर्यादा १४ टक्केच. ओल्या मक्याला बुरशी लागते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधातही उतरतं. त्यामुळे वाळवायची सोय नसेल, तर मागणी असूनही भाव कापला जातो.

२०२५-२६चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये. त्यात इथेनॉलवाले नवे गिऱ्हाईक. पण मका महागला की पशुखाद्याचं पोतंही महागतं, आणि ते घेणारा सभासद अनेकदा स्वतःच मका लावणारा असतो.