मनोरुग्णाची साखरही तपासा

घरात मनाच्या आजाराचा जुना रुग्ण असला, की घरच्यांचे सारे लक्ष दोनच गोष्टींकडे असते. गोळी घेतली का आणि रात्री झोप लागली का. साठी ओलांडलेल्या या माणसाला शरीरही आहे, हे विसरले जाते. स्किझोफ्रेनियासारखा तीव्र आजार असलेली माणसे इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षे आधी दगावतात. त्यांतील बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसाचे विकार अशा शारीरिक कारणांनी होतात.

आजारामुळे हालचाल कमी होते, बिडी-तंबाखू सुटत नाही. त्यात औषधांची भर पडते. ओलॅन्झापिन, क्लोझापिन या गोळ्यांनी भूक वाढते, पोट सुटते, साखर चढते. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या का? मुळीच नाही! आजार उलटला तर सगळेच हातचे जाते. गोळ्या चालू ठेवून तपासण्या करायच्या.

खरी अडचण निराळीच आहे. पासष्टीच्या आजी रात्रीतून पाच वेळा उठतात, तांब्यामागून तांब्या पाणी पितात, अंथरूण ओले होते. घरचे म्हणतात, "पुन्हा डोके फिरले वाटते." मग झोपेची गोळी वाढवून मागितली जाते. रक्त तपासले, तर साखर साडेतीनशेच्या वर! छातीत दुखते म्हटले, की "नाटक". चार दिवस शौचाला झाले नाही, तर "सांगायचे कळत नाही". क्लोझापिन घेणाऱ्याचे बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या चिठ्ठीवर मनोविकाराचे औषध दिसले, की तक्रार अर्धीच ऐकली जाते, हे आमच्या व्यवसायातलेही दुखणे आहे.

नवी गोळी सुरू करण्यापूर्वी वजन, रक्तदाब, उपाशीपोटी साखर व रक्तातील चरबी पाहावी. तीन महिन्यांनी पुन्हा आणि मग निदान वर्षातून एकदा. वजन मात्र दर महिन्याला करावे. पोटाचा घेर पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर सावध व्हावे. टेप नसला तरी परकराची नाडी पुरेनाशी झाली, हे घरात कळतेच.

लिथियम घेणाऱ्या वृद्धांची काळजी वेगळी. रक्तातील लिथियमचे प्रमाण, थायरॉइड व मूत्रपिंडाची तपासणी ठरल्या वेळी व्हायलाच हवी. जुलाब-उलट्या, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे, रक्तदाबासाठी मीठ एकदम तोडणे, गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, यांतल्या कशानेही ते प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळले, गुंगी आली, तर पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि सोबत गोळ्यांची सगळी पाकिटे न्यावीत, गुडघ्याच्या गोळीचेसुद्धा.