डोंगर उतरून आलेले सूर

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू हा देश आहे. निसर्गाने त्याचे तीन भाग पाडले आहेत : समुद्राकाठची कोरडी पट्टी, मध्ये अँडीज पर्वताच्या उत्तुंग रांगा आणि पलीकडे ॲमेझॉनचे घनदाट अरण्य. राजधानी लिमा समुद्राकाठी वसली आहे. सत्ता, संपत्ती आणि प्रतिष्ठा तेथेच एकवटली. डोंगरातील क्वेचुआभाषक शेतकरी आणि अरण्यातील आदिवासी यांच्याकडे हे शहर दीर्घकाळ तुच्छतेने पाहत आले. या तिन्ही प्रदेशांचे सूर ज्या संगीतात एकत्र आले, त्याची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

‘कुम्बिया’ हा मूळचा कोलंबियाचा नृत्यसंगीताचा प्रकार. त्या देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे ढोल, मूलनिवासींच्या बासऱ्या आणि स्पॅनिश वसाहतकारांची भाषा यांच्या मिश्रणातून तो जन्मला. ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे तो पेरूत पोहोचला आणि तेथे त्याचे रूप पालटले.

१९६६ साली एन्रिके देल्गादो या गिटारवादकांनी लिमा येथे ‘लोस देस्तेयोस’ हा वाद्यवृंद स्थापन केला. कोलंबियाच्या कुम्बियात बहुधा अकॉर्डियन किंवा फुंकून वाजवायची वाद्ये प्रमुख असत. देल्गादो यांनी ते स्थान इलेक्ट्रिक गिटारला दिले. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत ‘सायकेडेलिक’ रॉक संगीत गाजत होते. स्वप्नात किंवा भ्रमात ऐकू यावेत असे ध्वनी, हे त्याचे वैशिष्ट्य. गिटारला जोडलेल्या, पायाने दाबायच्या छोट्या पेट्यांमुळे स्वर कधी खरखरीत होई, तर कधी तोंड उघडमीट करीत गायल्यासारखा उमटे. प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रामुळे तो घुमतही राही. ही साधने परदेशी होती. पण त्यांतून वाजू लागली ती घरची चाल. अँडीजमधील ‘वायनो’ या लोकसंगीतात, आपल्याकडील औडव रागांप्रमाणे, प्रायः पाचच स्वरांची मांडणी असते. गिटारवर ती डोंगराळ धून, तिच्याखाली ढोलांचा ठेका आणि खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काडी घासून काढलेला खर्रखर्र नाद, असा हा मेळ होता.

अरण्यातील तरुणांनीही हा मार्ग धरला. उकायाली नदीकाठच्या पुकाल्पा गावातील ‘ह्वानेको इ सु कोम्बो’ या वाद्यवृंदाचे कलावंत शिपिबो आदिवासींच्या धर्तीचा वेश घालून रंगमंचावर येत. ज्या वेशाची शहरात थट्टा होई, तो त्यांनी अभिमानाने मिरवला. १९७७ साली विमान अपघातात त्यांच्या पाच सहकाऱ्यांचा मृत्यू झाला. त्यांत प्रतिभावान गिटारवादक नोए फाचिन हेही होते. उरलेल्यांनी वाद्यवृंद पुन्हा उभा केला.

दरम्यान डोंगरातील गावे रिकामी होत होती. १९४० साली लिमाची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. १९८१ पर्यंत ती पंचेचाळीस लाखांवर गेली. शहराभोवतीच्या उजाड टेकड्यांवर चटया आणि पत्रे यांची घरे उभी राहिली. फेरीवाले, हमाल, मोलकरणी सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानात नाचायला जमत. त्यांच्या संगीताला ‘चिचा’ हे नाव पडले. चिचा म्हणजे मक्यापासून केलेले अँडीजचे पारंपरिक पेय. या समुदायाचे लाडके गायक होते चाकालोन (१९५०–१९९४). ‘मुचाचो प्रोव्हिन्सियानो’, म्हणजे ‘गावाकडचा मुलगा’, हे त्यांचे गाणे स्थलांतरितांना आपलीच कहाणी वाटे. चाकालोन गाऊ लागले की टेकड्या खाली उतरतात, असे लोक म्हणत. कारण त्या वस्त्यांमधून माणसांचे लोंढे मैदानाकडे वाहत.

प्रतिष्ठित लिमाने मात्र ‘चिचा’ या शब्दाचा अर्थच बदलला. जे जे स्वस्त, भडक, ओबडधोबड, ते ते ‘चिचा’! वस्तुतः हे नापसंत होते ते केवळ संगीत नव्हते; ते ऐकणारी माणसेही नापसंत होती. एखाद्याचे गाणे, बोली किंवा वेश यांना हीन ठरवणे हा त्या माणसालाच दूर ठेवण्याचा मार्ग असतो.

पुढे काळ बदलला. २००७ साली न्यूयॉर्कमधून या जुन्या गीतांचा ‘द रूट्स ऑफ चिचा’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि जगभरातील रसिकांचे लक्ष तिकडे वळले. पुढच्याच वर्षी लिमातील ‘बारेतो’ या वाद्यवृंदाने यांपैकी काही रचना नव्याने ध्वनिमुद्रित केल्या. ज्या घरांनी या संगीताला दार बंद केले होते, त्या घरांतील मुले आता त्यावर नाचू लागली. परंतु तोवर चाळीस वर्षे लोटली होती. फाचिन १९७७ साली गेले होते, चाकालोन १९९४ साली आणि देल्गादो १९९६ साली. कौतुक आले, ते स्वीकारायला ते नव्हते. ज्यांनी मात्र ते सूर प्रथम आपले मानले, त्या फेरीवाल्यांना आणि मोलकरणींना त्यांचे मोल सांगायला कोणाची गरज कधीच पडली नव्हती.