लांबचा मार्ग, लवकरचा मुक्काम

अंतर जितके कमी तितका प्रवासाचा वेळही कमी, असा सामान्य समज आहे; परंतु हवाई प्रवासात तो नेहमीच खरा ठरत नाही. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून जाणारा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचे विमान प्रशांत महासागरावरून सुमारे १५,३०० किलोमीटर उडाले. तरीही ते साडेचौदा तासांत, म्हणजे अटलांटिकमार्गापेक्षा लवकर पोहोचले. सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात, हे याचे कारण होय. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास ताशी १०० किलोमीटरांचा वारा अनुकूल असल्यास त्याचा भूमिसापेक्ष वेग १,००० होतो. प्रतिकूल असल्यास ८००. म्हणून मार्ग आखताना नकाशाबरोबर वाराही पाहावा लागतो. इंधनाची बचतही त्यावरच अवलंबून असते.