मिळणार नाही, हे कुणी सांगितले?

बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ सीईटीचे गुण येतात आणि आमच्या हातखंब्याच्या घरी संध्याकाळी पडवीत माणसे जमू लागतात. आम्ही कचेरीतले कारकून, शिक्षण बी.कॉम. फॉर्म भरणे हा आमचा रोजचा धंदा. त्यामुळे वाडीतल्या मुलामुलींचे दाखले, शिष्यवृत्त्या, प्रवेशाचे अर्ज ही कामे आमच्याकडे आपसूक येत गेली. येणारे पालक कुणी चिऱ्याच्या खाणीवर, कुणी महामार्गाच्या कामावर, तर कुणाची आई आंब्याच्या बागेत मजुरीला. प्रश्न मात्र सर्वांचा एकच असतो : "भाऊ, आमच्या पोरीला मिळेल काय?"

या प्रश्नाला आम्ही एकदा चुकीचे उत्तर दिले. ते आधी सांगतो, कारण आजचा लेख त्या चुकीतूनच निघालेला आहे.

दोन वर्षांपूर्वी खाणीवर काम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल होते. तिच्या मनात मुंबईचे एक जुने, नावाजलेले इंजिनिअरिंग कॉलेज होते. वडील म्हणाले, "ते मोठ्यांच्या पोरांचं कॉलेज, आपल्याला कुठचं मिळायचं!" आम्हीही मान डोलावली. यादी उघडून पाहिली नाही, आकडा ताडून पाहिला नाही. जवळपासची चार कॉलेजे लिहिली, सही घेतली आणि मोकळे झालो. पहिल्याच फेरीत तिला त्यांतले एक मिळाले. पेढे वाटले.

पुढे महिन्याभराने शेवटच्या प्रवेशांची यादी सहज चाळताना आमचा हात थांबला. तिच्या मनातल्या कॉलेजात, अनुसूचित जातीच्या मुलींच्या जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलीचे पर्सेंटाइल हिच्यापेक्षा कमी होते. आम्ही ते तिला लपवून न ठेवता सांगितले. तिने एवढेच विचारले, "काका, म्हणजे लिहिलं असतं तर मिळालं असतं?" आम्हाला उत्तर सुचेना.

वाचकहो, ही जागा कुणी हिसकावून घेतली नाही. ती आम्ही मागितलीच नाही. आपल्या समाजात अशा न मागितलेल्या जागा किती गेल्या असतील याची नोंद कुठल्याच दप्तरी होत नाही. म्हणून आता आमचा नियम एकच : "मिळेल का" याचे उत्तर तोंडी द्यायचे नाही, कागदावर मांडायचे. हा हिशेब दहावी पास पालकालाही करता येतो. इंजिनिअरिंगचे उदाहरण घेऊन तो येथे सांगतो.

पहिली गोष्ट पर्सेंटाइलची. राज्याची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर, अनेक सत्रांत होते आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल दिले जाते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ८५ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १७० गुण असे नाही. परीक्षेला बसलेल्या दर १०० जणांच्या रांगेत ८५ जण आपल्या बरोबरीला किंवा आपल्या मागे उभे आहेत, असा त्याचा अर्थ. कित्येक घरांत "बारावीला ६० टक्केच पडले, आता कसले इंजिनिअरिंग" असे म्हणून विषय संपवतात. वास्तविक बारावीला भौतिक, रसायन, गणित या गटात खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राज्यातील मागासवर्गीयांना ४० टक्के मिळाले की पात्रता झाली. पुढचा क्रम सीईटी ठरवते.

दुसरी गोष्ट कटऑफची, म्हणजे शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या आकड्याची. प्रत्येक फेरीनंतर सीईटी सेल कॉलेजवार, शाखावार ही यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवते. मागील वर्षांच्या याद्याही तेथे मिळतात, पैसे पडत नाहीत. यादी उघडली की इंग्रजी अक्षरे पाहून माणूस दचकतो, पण कुलूप सोपे आहे. सुरुवातीला 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव जागा. मध्ये प्रवर्ग : 'ओपन', 'एससी', 'एसटी' वगैरे. शेवटी 'एच' असेल तर त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी, 'ओ' असेल तर बाहेरच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी, 'एस' असेल तर सबंध राज्यासाठी. म्हणजे 'एल-एससी-एच' याचा अर्थ : याच विद्यापीठ क्षेत्रातील, अनुसूचित जातीच्या मुलीची जागा.

यात शेवटचे अक्षर आपल्या जिल्ह्यासाठी फार मोलाचे आहे. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. ज्या कॉलेजांत ही वाटणी लागू आहे तेथे ७० टक्के जागा क्षेत्रातल्या आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. म्हणजे रत्नागिरीत बारावी केलेली हातखंब्याची मुलगी मुंबई, ठाणे, रायगडच्या अशा कॉलेजांत परकी नाही, घरचीच आहे. उलट माटुंग्याचे व्हीजेटीआय, किंवा २०२२ साली विद्यापीठ झालेले पुण्याचे सीओईपी, येथे राज्यभराचे विद्यार्थी एकाच रांगेत असतात. तेथे 'एस' चा रकाना पाहावा.

रकाना पाहताना दोन चुका होतात. एक, मुलीसाठी फक्त 'एल' पाहतात. मुलीला 'जी' च्या जागाही मिळू शकतात. दुसरी, आपण फक्त 'एससी' पाहतो. राज्याच्या प्रवेशात अनुसूचित जातींना, बौद्ध धरून, १३ टक्के जागा आहेत. पण खुली जागा ही कुणा जातीची जागा नाही. गुण बसत असतील तर आपला विद्यार्थी तीही घेऊ शकतो. दोन्ही रकाने पाहिल्याशिवाय पान मिटू नये.

आता हिशेब. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये, तीन वर्षांचे घ्यावेत, कारण आकडा दरवर्षी वरखाली होतो. समजा मुलीला ८५ पर्सेंटाइल आहे. एका कॉलेजचा तिच्या रकान्यातला आकडा तीन वर्षांत ९१, ९०, ९३ आहे. ते 'वरचे'. दुसऱ्याचा ८४, ८६, ८३ आहे. ते 'बरोबरीचे'. तिसऱ्याचा ७०, ७२, ६८ आहे. ते 'खात्रीचे'. वहीच्या पानावर असे तीन रकाने पाडा. एकाच कॉलेजातल्या वेगवेगळ्या शाखा वेगवेगळ्या रकान्यात जातील, म्हणून शाखाही लिहा. अर्ध्या तासात "मिळेल का" चे उत्तर समोर येते.

मग पर्याय कोणत्या क्रमाने भरावेत? येथेच आम्ही चुकलो होतो. खात्रीचे वर आणि आवडीचे खाली, किंवा आवडीचे नाहीच, अशी आपली रीत. संगणकाची रीत वेगळी आहे. तो गुणवत्तेच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याला घेतो, त्याचा पहिला पर्याय पाहतो, तेथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. वरचे कॉलेज पहिले लिहिले म्हणून खालच्या कॉलेजातला आपला नंबर मागे जात नाही. म्हणून क्रम आवडीचा ठेवावा आणि शेवटाला खात्रीचे पुरेसे ठेवावेत. जास्त पर्याय लिहिले म्हणून जास्त पैसे लागत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, पुढच्या फेरीत बसता येत नाही. म्हणून जिथे मूल खरोखर जाणार नाही, जिथली फी झेपणार नाही, ते नाव कुणाच्या सांगण्यावरून वर लिहू नये. पुढच्या फेऱ्यांची सक्ती वर्षावर्षाला बदलते, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचूनच बटण दाबावे. आणि फॉर्म मुलाने स्वतः भरावा. केंद्रवाल्याच्या हाती पासवर्ड देऊन चहाला जाऊ नये.

हिशेब कितीही जमला तरी कागद नसतील तर तो पाण्यात जातो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, दोन्ही लागतात. मुदतीत व्हॅलिडिटी दिली नाही तर नाव खुल्या वर्गात टाकले जाते. तिच्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि राहण्याचा पुरावा मागतात. तो मुंबईच्या चाळीत सापडत नाही, आजोबा-पणजोबांच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात सापडतो. आजोबांच्या नोंदीत जुनी जात आणि वडिलांच्या नोंदीत 'बौद्ध' असे दिसले तर घाबरू नये, दोन्ही उतारे एकत्र जोडावेत. हे काम बारावीच्या निकालानंतर सुरू करणे म्हणजे पाऊस आल्यावर घर शाकारणे होय. अकरावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो.

केंद्राच्या संस्थांत किंवा केंद्रीय विद्यापीठांत जायचे असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण त्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहून भागत नाही, अनुसूचीतली मूळ जातही लिहावी लागते. दोन्ही दाखले वेगवेगळे काढून ठेवावेत.

तिसरा हिशेब पैशाचा. "मुंबईला मिळालं तरी ठेवणार कुठं?" हा प्रश्न खरा आहे, पण तोही कागदावर मांडावा. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्यापुढे असेल तर फ्रीशिप. समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी वेळेत अर्ज करावा. तेथे जागा मिळाली नाही तर अटीत बसणाऱ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. पैसे उशिरा येतात हेही ध्यानात घ्यावे आणि पहिल्या काही महिन्यांची तजवीज आधी करावी.

एवढे करूनही आवडीचे मिळाले नाही तर? ते दार कायमचे बंद होत नाही. दहावीनंतर रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेला मुलगा थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करू शकतो, तेव्हाही मोठ्या कॉलेजांची यादी पुन्हा समोर येते. १९८९ साली स्थापन झालेले लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच महामार्गावर आहे. आता रत्नागिरीतही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली, १९२० साली ते परत गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. आपण त्यांच्या बुद्धीची गोष्ट नेहमी सांगतो. ती परवानगी घेऊन ठेवण्याची दक्षताही सांगायला हवी.

ती मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. मिळालेल्या कॉलेजात ती मन लावून शिकते, आमच्यावर रागही धरत नाही. गेल्या पावसाळ्यात फॉर्मची मुदत आणि भाताची लावणी एकाच आठवड्यात आली. दिवसभर चिखलात राबून माणसे रात्री विहारात वाचनाला जमली. वाचन संपल्यावर तिने तिघा मुलांना पुढे बसवले, वहीवर तीन रकाने पाडले आणि एकेक आकडा वाचून दाखवू लागली. एका मुलाचे वडील मागून म्हणाले, "ते जाऊ दे गो, ते आपल्याला मिळणार नाही."

तिने मान वर न करता विचारले, "कुणी सांगितलं? यादीत बघितलंत काय?"

आम्ही मागे भिंतीला टेकून बसलो होतो. यंदाही सीईटीचा निकाल लागल्यावर विहारात ही बैठक होईल. येताना गुणपत्रिका, तीन वर्षांच्या याद्या आणि एक कोरी वही आणा. आणि मुलांना एकटे पाठवू नका, तुम्हीही या.