डेंटिस्ट म्हणाले, ‘सर्जनकडून काढून घ्या’. पण कोणत्या सर्जनकडून?

रात्रभर अक्कलदाढ ठणकते. सकाळी नेहमीच्या डेंटिस्टकडे गेल्यावर ते संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला लावतात. फिल्म बघून म्हणतात, ‘दाढ आडवी आहे, मुळे नसेजवळ गेली आहेत. ही सर्जनकडून काढून घ्या.’ घरी परतताना रिक्षातच मोबाइलवर शोध सुरू होतो आणि गोंधळही. एका पाटीवर ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन’, दुसरीवर ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’, तिसरीवर ‘फेशियल कॉस्मेटिक सेंटर’, चौथीवर नुसतेच ‘एमडीएस’. आणि सगळ्यांना भरभरून स्टार.

हे स्टार कशाचे असतात ते रिव्ह्यू वाचून लक्षात येते. स्टाफ छान बोलतो, फार थांबावे लागले नाही, अजिबात दुखले नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी खालचा ओठ बधिर आहे की नाही, जबडा नीट मिटतो की नाही, हे लिहायला सहसा कुणी परत येत नाही. त्यामुळे निवड करताना थोडे वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

हा डॉक्टर नेमका कोण?

मॅक्सिलोफेशियल सर्जन म्हणजे तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांवर शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ. भारतात हा रस्ता दंतवैद्यकातून जातो. आधी बीडीएस, म्हणजे चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप; मग ‘नीट-एमडीएस’ देऊन या विषयात तीन वर्षांचे एमडीएस. ब्रिटनमध्ये या तज्ज्ञाला वैद्यक आणि दंतवैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात, आपल्याकडे लागत नाहीत. म्हणून ‘हे तर एमबीबीएस नाहीत’ असे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. जबड्याच्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण त्या तीन वर्षांत मिळते.

खरी गफलत दुसरीकडे होते. पाटीवर ‘एमडीएस’ दिसले की आपण निश्चिंत होतो. पण एमडीएस अनेक शाखांत होते. रूट कॅनाल करणारे एमडीएस असतात, दातांना तारा लावणारे असतात, हिरड्यांचे असतात, लहान मुलांच्या दातांचे असतात. आपापल्या कामात ते निष्णात असतील, पण मोडलेला जबडा सांधणे हे त्यांचे काम नव्हे. त्यामुळे फोनवरच विचारायचा पहिला प्रश्न असा: ‘डॉक्टरांचे एमडीएस कशात आहे?’ ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ ही तर एमडीएसची वेगळी शाखाच नाही. सर्जन, हिरड्यांचे तज्ज्ञ, कवळ्या बसवणारे तज्ज्ञ आणि साधे बीडीएस डॉक्टरही इम्प्लांट बसवतात.

राज्यात प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असावी लागते. गोव्याची परिषद वेगळी आहे. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा केला, पण रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा तोच राहतो: डॉक्टरांचे नाव राज्याच्या नोंदवहीत हवे. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक आहे का, एवढे बघायला अर्धा मिनिट लागतो.

पाटी एकाची, हात दुसऱ्याचा

ही गोष्ट अनेकांना खुर्चीत बसल्यावर कळते. लहान-मोठ्या शहरांत बरेच मॅक्सिलोफेशियल सर्जन ‘व्हिजिटिंग’ असतात. आज या क्लिनिकमध्ये दोन अक्कलदाढा, संध्याकाळी त्या हॉस्पिटलमध्ये एक फ्रॅक्चर. नेहमीचे डॉक्टर तारीख देतात, सर्जन आपले साहित्य घेऊन येतात, काम करतात आणि निघतात. यात गैर काही नाही. उलट, त्यामुळे तालुक्याच्या गावीही तज्ज्ञ मिळतो.

अडचण येते ती नंतर. शनिवारी रात्री सूज वाढली तर फोन कुणाला करायचा? क्लिनिकवाले म्हणतात सर्जनना विचारतो, सर्जन दुसऱ्या गावी. म्हणून व्हिजिटिंग सर्जन असतील तर त्यांचे नाव आधी विचारावे, शक्य असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवसाआधी एकदा भेटावे आणि एक्स-रे त्यांनी स्वतः पाहिला आहे ना याची खात्री करावी. शस्त्रक्रियेनंतरचा फोन नंबरही आधीच मागून घ्यावा. तो देताना काउंटरवर कुणी कुरकुर करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

अक्कलदाढेत एवढे काय?

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देण्याचे काम तिचे. आडव्या दाढेची मुळे कधी या नसेला टेकलेली असतात. जवळच, जिभेच्या बाजूने दुसरी नस जाते. दाढ काढताना यांपैकी एखादी दुखावली तर ओठ किंवा जीभ बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, क्वचित कुणाची कायमची जाते. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना कापले तरी कळत नाही. ऐकायला किरकोळ, जगायला नाही.

संपूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, सपाट चित्र देतो. नस मुळाच्या मागे आहे, पुढे आहे की दोन मुळांच्या मधोमध, हे त्यात नीट कळत नाही. इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकलेल्यांना लगेच पटेल: एकाच व्ह्यूवरून वस्तूची खोली सांगता येत नाही. ओपीजीत मूळ आणि नस एकमेकांवर आलेली दिसली तर सर्जन सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन सांगू शकतात. प्रत्येकाला तो लागत नाही. पण ‘माझ्या दाढेत नस किती जवळ आहे, ते मला फिल्मवर दाखवाल का?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. चांगला सर्जन फिल्म उजेडात धरून दाखवतो. धोका जास्त असेल तर मुळे जागेवर ठेवून फक्त दाढेचा वरचा भाग काढण्याचा पर्यायही असतो. तो सगळ्यांना लागू पडत नाही, पण त्यावर बोलणे व्हायला हवे. आणि ‘नाही काढली तर काय होईल?’ हेही विचारावे. काही वेळा उत्तर ‘काहीच नाही, वर्षाने पुन्हा एक्स-रे काढू’ असे असते.

संमतीपत्र वाचूनच सही करावी. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की निदानासाठी दिलेली संमती म्हणजे उपचाराच्या शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय रुग्णाला पुरेसे समजावून सांगितले पाहिजेत. भूल दिल्यानंतर पुढे केलेला कागद या कसोटीला उतरणे कठीण.

आपल्या बाजूनेही एक गोष्ट लपवू नये: चालू औषधे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण सांगाव्यात. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सरमध्ये दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही. यातले एक इंजेक्शन वर्षातून एकदाच असते, त्यामुळे आईला किंवा आजीला ते आठवतही नाही. घरच्यांनी आठवण करून द्यावी. मान किंवा जबड्याला कधी रेडिएशन दिले असेल तर तेही सांगावे.

चेहरा एक, डॉक्टर अनेक

दुचाकीवरून पडून जबडा मोडला तर प्लास्टिक सर्जन, ईएनटी की मॅक्सिलोफेशियल? हद्दी एकमेकांत मिसळतात आणि डॉक्टरांमध्येही यावरून कुरबुरी चालतात. आधी मेंदूला मार आहे का आणि श्वास मोकळा आहे का हे बघतात; चेहरा नंतर. जबड्याचे फ्रॅक्चर मात्र दातांच्या भाषेत जोडावे लागते. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसले तर हाड जागेवर आले. एक्स-रेत हाड छान जुळलेले आणि तोंड मिटल्यावर चावा चुकलेला, असे होऊ शकते. इथे दातांतून आलेल्या सर्जनचा उपयोग होतो. गालावरची खोल जखम किंवा कातडीचे रोपण असेल तर प्लास्टिक सर्जन, नाक-सायनसचा प्रश्न असेल तर ईएनटी. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसच्या रुग्णांवर हे सगळे जण, शिवाय नेत्रतज्ज्ञही, एकाच टेबलाभोवती उभे होते. मोठ्या दुखण्यात ‘मी एकटा सगळे करतो’ म्हणणाऱ्यापेक्षा कुणाला बोलवावे लागेल हे सांगणारा सर्जन बरा.

तोंडाचा कॅन्सर निघाला तर हेड अँड नेक कॅन्सर सर्जन आणि रेडिएशन, केमोथेरपीचे तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात अशा केंद्रातच जावे.

तीन बोटे तोंडात जात नाहीत?

सुपारी, मावा, गुटखा आणि विदर्भातला खर्रा यांनी या डॉक्टरांकडची गर्दी वाढवली आहे. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. ती पाळली जाते का, हे कुठलाही पानठेला सांगेल. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर हळूहळू कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. घरच्या घरी करायची चाचणी सोपी: आपलीच तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमधून आत जातात का? दोनच जात असतील तर दाखवायला हवे. आजाराचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकते, म्हणून तोंडातली जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल तर तुकडा काढून तपासावा लागतो.

‘ऑपरेशन करा, तोंड पूर्ण उघडेल’ अशी हमी देणाऱ्यापासून इथे सर्वाधिक सावध राहावे. शस्त्रक्रियेने कडक पट्टे सोडवता येतात, आजार पुसला जात नाही. नंतर कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात. ते टाळले किंवा सुपारी पुन्हा सुरू झाली तर तोंड परत आवळते. पहिल्या भेटीत सुपारीबद्दल न विचारता थेट तारीख देणारा सर्जन नको. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा, ‘भूल कशी देणार?’ तोंडच उघडत नसेल तर श्वासाची नळी नेहमीच्या पद्धतीने घालता येत नाही. त्यासाठी नाकावाटे दुर्बिणीच्या मदतीने नळी घालणारा अनुभवी भूलतज्ज्ञ लागतो. असे हॉस्पिटल निवडणे हे सर्जन निवडण्याइतकेच महत्त्वाचे.

रील्समधली ‘जॉलाइन’

जबडा पुढे-मागे करण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती सध्या इन्स्टाग्रामवर जोरात आहेत. आधीचा फोटो उदास चेहऱ्याचा, नंतरचा हसरा, मेकअप केलेला. या शस्त्रक्रियेत सर्जनइतकाच तारा लावणारा ऑर्थोडोंटिस्ट महत्त्वाचा असतो. साधारणपणे आधी वर्षभर किंवा अधिक काळ तारा, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा काही महिने तारा असा क्रम असतो. दोघांनी मिळून योजना आखली आहे का, हे सुरुवातीलाच विचारावे. जबड्याची वाढ थांबेपर्यंत सहसा थांबतात, म्हणून १५ वर्षांच्या मुलासाठी कुणी घाई करत असेल तर दुसरे मत घ्यावे.

खर्चाचे काय?

जबड्याच्या फ्रॅक्चरसह चेहऱ्याच्या काही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतमध्ये बसतात. त्यासाठी हॉस्पिटल योजनेत असावे लागते. तिथल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. खासगी विम्यात दातांचे उपचार सहसा वगळलेले असतात, पण अपघातामुळे दाखल व्हावे लागले तर ते मिळू शकतात. अक्कलदाढ विम्यात बसेल हे गृहीत धरू नये.

मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, इथे या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. रांग लागते, तारीख उशिरा मिळते, काम अनेकदा शिकणारे निवासी डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतात. पण अवघड केसेस पाहण्याची सवय तिथे असते आणि दुसरे मत घ्यायला तर ही जागा उत्तमच. खासगीत करायचे असेल तर अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यात भूलतज्ज्ञाची फी, टायटॅनियमच्या प्लेट्स आणि स्कॅन धरले आहेत का ते बघावे; बिल फुगते ते इथेच.

निवड करायला वेळच नसतो तेव्हा

दाढ दुखता दुखता जबड्याखाली कडक सूज आली, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना किंवा श्वास लागू लागला, तर ही दाढदुखी राहिलेली नाही. संसर्ग मानेत उतरतो आहे. शेकत बसू नये, क्लिनिकही शोधू नये. आयसीयू असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत थेट जावे. अपघातात पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभरात डेंटिस्टकडे पोहोचावे. तो पुन्हा बसवता येऊ शकतो.

साध्या अक्कलदाढेत मात्र वेळ असतो. काढल्यानंतरची सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरू लागते. दुखणे आधी कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक कानापर्यंत ठणकू लागले तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली असण्याची शक्यता असते. त्यावर औषध भरायला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी सर्जन भेटतील की नाही, हे मात्र तारीख घेतानाच विचारून ठेवलेले असावे लागते.