पोटाची गाठ लहान, मग मोठं ऑपरेशन कशाला?



समजा दोन बहिणी आहेत. दोघींनाही पोटाचा, म्हणजे जठराचा कॅन्सर निघाला, आणि दोघींचाही अगदी सुरुवातीचा. एकीला डॉक्टर म्हणाले, "तोंडातून दुर्बीण घालून काढू, चार-सहा दिवसांत घरी जाल." दुसरीला म्हणाले, "पोट उघडून जठराचा मोठा भाग काढावा लागेल." घरचे लगेच म्हणणार, "गाठ एवढीशी, मग एवढं ऑपरेशन कशाला? पैशासाठीच असेल!" तसं नसतं. फरक नुसत्या गाठीच्या आकारात नाही, तर ती कसल्या पेशींची आहे आणि किती खोल गेली आहे यातही असतो.

गोधडीचे थर

आपलं जठर गोधडीसारखं थराथरांचं असतं. आतून नाजूक अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून आवरण. कॅन्सर पहिल्या दोन थरांतच असेल तर त्याला सुरुवातीचा म्हणतात.

पण पहिला आणि दुसरा थर सारखे नाहीत. दुसऱ्या थरात लसिकावाहिन्यांचं, म्हणजे शरीरातल्या बारीक पाटांचं जाळं दाट असतं. खडकवासल्याच्या कालव्यात पडलेलं तणाचं बी पाण्याबरोबर दौंड-इंदापूरपर्यंत जाऊ शकतं, तशी या पाटांत शिरलेली पेशी जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसते. कॅन्सर फक्त अस्तरात असेल तर शंभरात साधारण तीन जणांच्याच ग्रंथींत तो पोचलेला असतो. दुसऱ्या थरात उतरला की हेच प्रमाण शंभरात वीसच्या आसपास जातं.

पेशींची जात

फिनलंडच्या लॉरेन नावाच्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार सांगितले. ते आपल्या गटावरून चटकन समजतात.

पहिल्या प्रकारात पेशी एकमेकींना धरून राहतात, जशा गटातल्या बाया गोल करून बसतात. गाठीची कड दिसते, वाढ एका जागी राहते. रिपोर्टमध्ये याला 'वेल डिफरन्शिएटेड' किंवा 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड' लिहितात.

दुसऱ्या प्रकारात पेशींना जोडणारा गोंदच नाहीसा होतो. हात सुटले की एकेक पेशी वेगळी होऊन हरळीच्या मुळासारखी अस्तराखालून पसरते. वरून फारसं दिसत नाही, कड कळत नाही. रिपोर्टमध्ये 'पुअरली डिफरन्शिएटेड' किंवा 'सिग्नेट रिंग सेल' असं येतं. सिग्नेट रिंग म्हणजे खड्याची अंगठी. पेशी तशी दिसते म्हणून हे नाव. हा प्रकार तरुण वयात आणि बायकांमध्ये त्या मानाने जास्त दिसतो. पुढच्या टप्प्यात तो पोटाच्या पडद्यावर आणि बीजकोशावरही जाऊ शकतो.

हा गोंद बनवणारं जनुक बिघडलेलं असेल तर आजार घराण्यात चालतो. न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यात पिढ्यान् पिढ्या माणसं अशी जात होती. त्याचं कारण १९९८ मध्ये सापडलं. अशा घरातल्या बायकांना स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचाही धोका असतो. म्हणून माहेरच्या कोणाला पोटाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

मग दुर्बिणीने कोणाचं काढता येतं?

जपानमध्ये हा आजार पुष्कळ. तिथे ऑपरेशन झालेल्या ५ हजारांहून जास्त पेशंटचा अभ्यास २००० मध्ये छापला गेला. ज्यांची गाठ पहिल्या प्रकारची, फक्त अस्तरातली, ३ सेंटीमीटरपर्यंतची होती आणि वाहिन्यांत शिरली नव्हती, असे १,२३० पेशंट त्यात होते. त्यांतल्या एकाच्याही ग्रंथींत कॅन्सर सापडला नाही. अशांना दुर्बिणीने गाठ काढली तरी पुरतं, जठर वाचतं.

दुसऱ्या प्रकारची गाठ अस्तरातच, २ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि व्रण नसलेली असेल तर अनुभवी ठिकाणी दुर्बिणीचा विचार होतो. नाहीतर ऑपरेशन करून ग्रंथीही काढाव्या लागतात, कारण दुर्बीण ग्रंथींपर्यंत पोचत नाही. दुर्बिणीने काढलेला तुकडाही पुन्हा तपासतात. पेशी खोल गेलेल्या निघाल्या, तर नंतर ऑपरेशन सांगतात. तेव्हा "डॉक्टर फसले" असं समजू नका.

आपण काय करायचं?

आपल्याकडे हा आजार बहुतेक वेळा उशिरा सापडतो. ॲसिडिटी म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची, रक्त कमी झालं तर "पाळीमुळे असेल" म्हणायचं. गोळीने जळजळ दबते, आजार तिथेच राहतो. थोडं खाल्लं तरी पोट भरणं, वजन घटणं, काळी शी, सारखी उलटी, गिळायला त्रास, न भरून येणारं रक्त: यातलं काही असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. सगळ्यांना कॅन्सर नसतो. बऱ्याचदा अल्सर किंवा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू निघतो. या जंतूने कॅन्सरचा धोका वाढतो, पण औषधाने तो जातो.

कॅन्सर निघालाच, तर डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा:

१. पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत?
२. कोणत्या थरापर्यंत गेल्या आहेत?
३. गाठ केवढी आहे, व्रण आहे का?
४. वाहिन्यांत किंवा ग्रंथींत शिरल्या आहेत का?

रिपोर्टची मूळ प्रत जपून ठेवा. दुसरं मत घ्यायला पुण्यात ससून आहे, मुंबईत टाटा मेमोरियल आहे. गटाचं कर्ज उचलण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

पुढच्या मासिक बैठकीत हे पान मोठ्याने वाचा. आपल्यातली एखादी ताई कित्येक महिने नुसती ॲसिडिटीची गोळी खात असेल. तिला एकटीला पाठवू नका, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.