विसार म्हणून मिळालेला अभिषेक

‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थ ‘अभिषिक्त’, म्हणजे तेल लावून एखाद्या कामासाठी वेगळा काढलेला माणूस. हिब्रूत ‘माशाह’ म्हणजे तेल चोळणे, माखणे. त्यावरून ‘माशीआह’ हा शब्द झाला आणि तो मराठीत ‘मशीहा’ म्हणून रुळला. ग्रीक भाषेत त्याचाच ‘ख्रिस्तोस’ झाला. पुढे अंत्युखिया नगरात येशूच्या शिष्यांना पहिल्यांदा ‘ख्रिस्ती’ म्हटले गेले, तेव्हा त्या नावात अभिषिक्ताचे तेल आपोआप मुरले.

अभिषेक म्हटले की मराठी माणसाला पिंडीवरची संततधार आठवते, नाहीतर १६७४ सालचा रायगड. बायबलमधला अभिषेक समजून घ्यायला मात्र दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग अधिक जवळचे पडते. पाणी आणि दूध अंगावरून वाहून जाते, तेल अंगात जिरते. बायबलच्या प्रदेशात जैतुनाचे तेल रोज लागणारी वस्तू होती. दिवा त्याच तेलाचा, स्वयंपाक त्याच तेलात, केसांना तेच आणि जखमेवरही तेच. घरात असणारे हे साधे तेल पवित्र कार्यासाठी वापरले गेले, यातच या विधीचे मर्म आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रात्री उशाशी घेतलेला दगड सकाळी उभा करून त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाचे मापच दिले आहे: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेखंड २५०, तज ५००, आणि एक हिन जैतुनाचे तेल. हे तेल निवासमंडपाला, वेदीला, अहरोनाला आणि त्याच्या मुलांना लावायचे होते. इतर कोणाच्या अंगाला ते लावू नये आणि तसे तेल कोणी घरी बनवूही नये, अशी सक्त ताकीद होती. म्हणजे सुरुवातीला अभिषेक मोजक्यांचाच होता.

हे मोजके म्हणजे याजक आणि राजे, आणि क्वचित संदेष्टे. शमुवेल संदेष्ट्याने शौल राजाच्या डोक्यावर तेल ओतले आणि पुढे मेंढरे राखणाऱ्या धाकट्या दाविदाच्याही. त्या दिवसापासून देवाचा आत्मा दाविदावर आला, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात म्हटले आहे. तेल आणि आत्मा यांची सांगड तिथे स्पष्ट दिसते. तरी ही सांगड पहिल्यापासूनच सैल होती. अलीशाचा अभिषेक करण्याची आज्ञा एलीयाला होते, पण प्रत्यक्ष भेटीत तो शेत नांगरणाऱ्या अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकतो. तेलाचा उल्लेखच येत नाही. यशयाच्या पुस्तकात तर पारसाचा राजा कोरेश याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. तो इस्राएलाच्या देवाला ओळखतही नव्हता. त्याच्या हातून बंदिवान घरी परतणार होते, एवढ्यावर त्याला ते नाव मिळाले.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी, कारण आजच्या वादांत ती विसरली जाते. शौल जिवावर उठला असतानाही दाविदाने त्याच्यावर हात टाकला नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त होता. पण त्याच शौलाला शमुवेलाने तोंडावर दोषी ठरवले आणि पुढे नाथान संदेष्ट्याने दाविदालाही सोडले नाही. अभिषिक्ताच्या जिवाला हात लावायचा नाही, मात्र त्याला जाब विचारायचा, अशी ही परंपरा आहे.

येशूच्या डोक्यावर कोणा याजकाने वा संदेष्ट्याने तेल ओतल्याची नोंद शुभवर्तमानांत नाही. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेताना त्याच्यावर आत्मा उतरला, तोच त्याचा अभिषेक, असे प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र सांगतो. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाची गुंडाळी उघडली आणि अभिषिक्ताचे काम वाचून दाखवले: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक. अभिषेक म्हणजे काय, याचे ख्रिस्ती धर्मातले मूळ उत्तर या चार गोष्टींत आहे. सत्तेचा, संपत्तीचा किंवा मानाचा त्यात उल्लेख नाही.

येशूला प्रत्यक्ष तेल लावले ते एका स्त्रीने. बेथानी गावात तिने जटामांसीचे शुद्ध सुगंधी तेल त्याच्यावर ओतले. त्याची किंमत तीनशे दिनारांच्या घरात होती आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षाची कमाई एका क्षणात ओतली गेली म्हणून भोवतालचे चिडले. येशूने मात्र ती आपल्या उत्तरक्रियेची तयारी मानली. पुढे थोड्याच दिवसांत तो ज्या बागेत रात्री व्याकूळ होऊन प्रार्थना करत होता, त्या गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. अभिषेकाचा विचार करताना हा घाणा नजरेआड करता येत नाही.

पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या, दिवसानंतर या शब्दाची व्याप्ती बदलली. मोजक्यांचा अभिषेक सर्वांचा झाला. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल अभिषेक, शिक्का आणि विसार हे तीन शब्द एकत्र आणतो. विसार हा मराठी बायबलमधला शब्द व्यवहारातलाच आहे. घर किंवा बैल घेताना सौदा पक्का करायला जी रक्कम आधी दिली जाते, ती विसार. पवित्र आत्मा हा देवाने दिलेला विसार आहे. पुरती रक्कम पुढे मिळायची आहे. म्हणून अभिषेक झालेल्या माणसाला सगळे मिळाले असे होत नाही. तो वाट पाहणारा माणूस असतो, फक्त त्याच्या हातात वचनाची खूण असते.

योहानाचे पहिले पत्र याहून स्पष्ट बोलते. ते एका फुटलेल्या मंडळीला लिहिले आहे. काही जण बाहेर पडले होते आणि मागे राहिलेले साधे लोक त्यांच्या शिकवणीने गोंधळले होते. पत्र त्यांना सांगते, की अभिषेक तुम्हा सर्वांचा झालेला आहे आणि तोच तुम्हाला शिकवतो. ग्रीकमध्ये अभिषेकाला ‘ख्रिस्मा’ म्हणतात, आणि त्याच अध्यायात ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द येतो. ज्यांचा अभिषेक झाला ते एकीकडे आणि अभिषिक्ताला नाकारणारे दुसरीकडे, असा हा मूळ शब्दांचा सामना आहे. खास अभिषेकाचा दावा करून इतरांना दिपवणाऱ्यांच्या विरोधात याहून थेट उतारा नव्या करारात सापडणे कठीण.

तेलाचा विधी मंडळीने लवकरच पुन्हा हाती घेतला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधीवर तर्तुल्लियनाच्या लिखाणात बाप्तिस्म्यानंतर तेल लावण्याचा उल्लेख आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्यापाठोपाठ पवित्र तेल लावले जाते. कॅथलिक मंडळीत तेले तीन: आजाऱ्यांचे तेल, दीक्षार्थींचे तेल आणि जैतुनाच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून केलेले ख्रिस्मा तेल. पवित्र सप्ताहात, परंपरेने गुरुवारी सकाळी, बिशप आपल्या धर्मगुरूंसह खास मिस्सा अर्पण करून ही तेले आशीर्वादित करतात आणि तिथून ती वर्षभरासाठी गावोगावच्या चर्चमध्ये जातात. स्नानसंस्कारात बाळाच्या टाळूवर, दृढीकरणात कपाळावर, धर्मगुरूच्या दीक्षेत तळहातांवर आणि बिशपच्या दीक्षेत डोक्यावर हे ख्रिस्मा तेल लावतात. टाळूवर तेल पडलेले ते बाळ ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही पदांत वाटेकरी होते. धर्मगुरूच्या हातांना लागणारे तेलही तेच असते.

आजाऱ्यांच्या तेलाची कहाणी वेगळी आणि माणसांच्या भीतीशी जोडलेली आहे. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाचे पत्र सांगते. तिथे हेतू बरे होण्याचा आहे. मध्ययुगात पश्चिमेकडे हा विधी हळूहळू मरणाच्या दारापर्यंत लांबत गेला आणि त्याला ‘अंतिम अभ्यंग’ हे नाव पडले. फादर घरात आले की आजाऱ्याची आशा संपली, असा धसका लोकांनी घेतला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कपाळाला आणि हातांना तेल लावण्याचा सुटसुटीत विधी दिला आणि जैतून मिळत नसेल तिथे दुसरे वनस्पतितेल चालेल, असेही सांगितले. आता गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्याने शक्ती ओसरल्यावर हा संस्कार घेता येतो, आणि पुन्हा घेता येतो. जुना धसका अनेक घरांत अजून टिकून आहे आणि शुद्ध हरपेपर्यंत फादरांना बोलावणे टाळले जाते. हे दुःखद आहे, कारण हा संस्कार आजाऱ्याला धीर देण्यासाठी आहे आणि धीर जाग्या माणसाला द्यायचा असतो.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी तेलाला संस्काराचा दर्जा नाकारला. त्यांचे म्हणणे असे, की अभिषेक आत्म्याचा असतो आणि तो विश्वासाने मिळतो. इंग्लंडच्या मंडळीच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याला तेल लावण्याचा विधी होता, १५५२ च्या पुस्तकातून तो गेला. राज्याभिषेकातले तेल मात्र तिथे टिकले: ६ मे २०२३ रोजी तिसरे चार्ल्स यांना पडद्याआड लावलेले तेल जैतुनांच्या डोंगरावरच्या फळांचे आणि यरुशलेमेत पवित्र केलेले होते.

विसाव्या शतकात ‘अभिषेक’ हा शब्द नव्या अर्थाने गाजू लागला. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ साली विल्यम सेमूर यांच्या सभांतून पेन्टेकॉस्टल चळवळ पसरली. आत्म्याचा बाप्तिस्मा, अन्य भाषांत बोलणे, आरोग्यदान यांवर तिचा भर होता. १९६७ पासून अशीच लाट कॅथलिक मंडळीतही आली. या चळवळींनी अनेकांची प्रार्थना जिवंत केली आणि कधी बोलायला न मिळालेल्यांना बोलते केले, हे मान्य करायलाच हवे. पण त्याबरोबर ‘अभिषिक्त सेवक’ ही भाषाही आली. एखाद्या पाळकाचा अभिषेक इतरांपेक्षा मोठा, त्याच्या हातचे तेल अधिक गुणकारी, त्याला प्रश्न विचारणे म्हणजे देवाच्या अभिषिक्ताला हात लावणे, असे सांगितले जाऊ लागले. ज्या १०५ व्या स्तोत्राचा आधार यासाठी घेतला जातो, तिथे परक्या मुलखात फिरणाऱ्या मूठभर, निराधार कुटुंबाला बलाढ्य राजांपासून दिलेले ते संरक्षण आहे. बलवानाने दुबळ्यांविरुद्ध ते वापरणे हा उलटा अर्थ झाला. तेलाच्या बाटलीला मोल लावणाऱ्यांसाठी प्रेषितांच्या कृत्यांत शिमोनाची गोष्ट आहे. त्याने आत्मा देण्याचे सामर्थ्य पैशाने विकत मागितले आणि पेत्राने त्याला पैशासकट झिडकारले.

अझुसा स्ट्रीटच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्रात जे घडले, ते या संदर्भात अधिक बोलके आहे. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या स्त्रिया राहत होत्या. १९०५ च्या जूनअखेरीस तिथल्या प्रार्थनांत संजीवन आले. मुली रडल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पुढे काही जणी अन्य भाषांत बोलल्या. तिथल्या सहकारी मिनी अब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वाल्परायसोपर्यंत गेली आणि तिथल्या १९०९ च्या जागृतीला तिचा हातभार लागला. अन्य भाषा ही आत्म्याची एक खूण आहे, पण एकमेव आणि अनिवार्य नव्हे, असे रमाबाईंचे मत होते. मुलींच्या तुकड्या सुवार्ता घेऊन आसपासच्या गावांत गेल्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, सामान्य बायकांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले होते.